धातूच्या पोटातले घर्षण: कंपन विरते तेव्हा अणू काय करत असतात?

गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या 'लायगो' प्रकल्पाची बातमी आली, की चार किलोमीटर लांबीच्या भुजा, लेसर आणि कृष्णविवरे यांची भरपूर चर्चा होते. पण त्या यंत्रातले आरसे कशाला टांगले आहेत, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. सुरुवातीच्या यंत्रात ते पोलादी तारेला टांगलेले होते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी ज्या सुधारित यंत्राने पहिली लहर टिपली, त्यात मात्र ४० किलो वजनाचा प्रत्येक आरसा जेमतेम ०.४ मिलिमीटर जाडीच्या चार काचतंतूंवर लोंबकळतो. मजबूत पोलाद बाजूला सारून काचेवर एवढा भार टाकण्याचे धाडस का केले असावे? उत्तर पोलादाच्या ताकदीत नाही. पोलाद हलताना त्याच्या आत जे थोडेसे घर्षण होते, त्याने सगळा हिशेब बिघडतो. पदार्थविज्ञानात त्याला 'अंतर्गत घर्षण' म्हणतात, आणि धातूंच्या अंतरंगाविषयी जी माहिती सूक्ष्मदर्शकालाही मिळत नाही, त्यातली बरीचशी या घर्षणाने दिली आहे.

आवाज हवेमुळेच विरतो ना?

थोडासा विरतो. नादकाट्याची ऊर्जा हवेत ध्वनीच्या रूपाने जाते, थोडी ज्या हाताने तो धरला त्या हातात जाते. पण तोच नादकाटा निर्वात पात्रात अगदी नाजूक धाग्याने टांगला तरी त्याचे कंपन कायम राहत नाही; जास्त वेळ टिकते, इतकेच. उरलेली ऊर्जा धातूच्या आतच उष्णतेत बदलते. लॉर्ड केल्विन या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या विल्यम थॉमसन यांनी १८६५ साली तारांच्या पिळाच्या कंपनांवर प्रयोग करून हे दाखवले होते. सतत कंप पावत ठेवलेली तार, विश्रांती दिलेल्या तारेपेक्षा लवकर शांत होते, असेही त्यांच्या लक्षात आले. हवा दोन्ही तारांना सारखीच होती, म्हणजे फरक तारेच्या आतच पडला होता.

हे घर्षण मोजायची पद्धत सरळ आहे. एका आवर्तनात साठलेल्या ऊर्जेचा कितवा भाग नाहीसा झाला ते पाहायचे, आणि त्याला दोन पायने (२π) भागायचे. येणारा आकडा म्हणजे अंतर्गत घर्षण. चांगल्या नाद देणाऱ्या धातूत तो दहाहजारांशाच्याही खाली असतो. कंपने गिळण्यासाठीच बनवलेल्या मँगनीज-तांबे मिश्रधातूंत तो शंभरांशाच्या पुढे जातो.

मग हूकचा नियम चुकीचा का?

शाळेत शिकवलेला नियम असा: जेवढा ताण, तेवढे विरूपण, ताण काढला की वस्तू पूर्वस्थितीला येते. रॉबर्ट हूक यांनी १६७८ साली तो मांडला आणि तो आजही उपयोगी आहे. फक्त त्यात काळाचा उल्लेखच नाही. विरूपण 'केव्हा' होते, हा प्रश्न तो विचारत नाही.

एखाद्या तारेला अगदी हलके वजन लावले, तर तार तत्क्षणी लांबते; मग पुढचे काही सेकंद, मिनिटे किंवा तास ती आणखी किंचित लांबत राहते. वजन काढल्यावर ती लगेच बरीचशी आखडते, आणि उरलेली थोडी लांबी सावकाश भरून काढते. शेवटी तार पूर्ववत होते, म्हणून याला कायमचे वाकणे म्हणता येत नाही. पण ती ताबडतोब पूर्ववत होत नाही, म्हणून ही निव्वळ स्थितिस्थापकताही नव्हे. या उशिरा येणाऱ्या भागालाच यांत्रिक शिथिलन म्हणतात, आणि तो पुरा व्हायला साधारण जितका वेळ लागतो तो शिथिलनकाल. क्लॅरेन्स झेनर यांनी १९४८ साली या विषयाची सैद्धांतिक घडी बसवली. त्यानंतरचे जवळजवळ सगळे लेखन त्यांच्याच चौकटीत चालते.

विरूपण ताणाच्या मागे रेंगाळले, की प्रत्येक आवर्तनात थोडी ऊर्जा हातची जाते. ओढताना जेवढे काम खर्ची पडले, तेवढे सोडताना परत मिळत नाही. म्हणजे शिथिलन आणि अंतर्गत घर्षण या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. वजन लावून वाट पाहिली की एक दिसते, कंपन देऊन मोजले की दुसरी.

जास्त हलवले की जास्त घर्षण, असे नाही

इथे बहुतेकांची पहिली अपेक्षा चुकते. वाटते, की वेगाने हलवले तर घर्षण वाढत जाईल. प्रत्यक्षात ते एका ठरावीक वेगाला सर्वाधिक असते आणि दोन्ही बाजूंना उतरते.

गच्च भरलेला रेल्वेचा डबा डोळ्यांसमोर आणावा. डबा आळीपाळीने डावीकडे-उजवीकडे कलतो आहे, आणि ज्या बाजूला तो कलतो त्या बाजूला सरकणे उभ्या प्रवाशांना सोयीचे वाटते. पण शेजाऱ्याला ओलांडून जायला थोडा वेळ लागतो. डबा अगदी संथपणे कलत असेल, तर प्रवासी त्याच्याबरोबरीने सरकतात आणि कोणाची कोणाशी ओढाताण होत नाही. डबा थरथरल्यासारखा भराभर हलत असेल, तर पाऊल उचलायच्या आतच डबा उलट फिरतो, म्हणून कोणी जागचे हलतच नाही. घोळ होतो तो मधल्या वेगाला: प्रवासी सरकतात, पण उशिरा, आणि डबा परत फिरतो तेव्हा सगळे नेमके चुकीच्या बाजूला गोळा झालेले असतात. डब्याची हालचाल सर्वांत जास्त मंदावते ती तेव्हाच.

धातूतल्या अणूंचे तसेच आहे. कंपनाचा काळ आणि अणूंचा शिथिलनकाल जुळले, की आलेखावर घर्षणाचे शिखर उभे राहते. शिवाय अणूंचा शिथिलनकाल तापमानावर फार अवलंबून असतो: तापमान वाढले की अणूंच्या एका जागेवरून दुसरीकडे जाण्याच्या उड्या भराभर पडतात. म्हणून प्रयोगशाळेत वारंवारता बदलण्याऐवजी तीच ठेवून तापमान बदलतात, आणि शिखर कोणत्या तापमानाला आले ते पाहतात. वारंवारता बदलल्यावर ते शिखर किती अंश सरकते, यावरून उडी मारायला अणूला किती ऊर्जेचा अडथळा ओलांडावा लागतो हे काढता येते. या ऊर्जेला सक्रियण ऊर्जा म्हणतात.

लोखंडातला कार्बन: सर्वांत स्वच्छ उदाहरण

नेदरलँड्समधल्या फिलिप्सच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या स्नुक यांनी १९४१ साली लोखंडातल्या कार्बनच्या शिखराचे जे स्पष्टीकरण दिले, ते मला या साऱ्या विषयातले सर्वांत देखणे वाटते. साध्या तापमानाला लोखंडाचे अणू घनाकृती चौकटीत बसलेले असतात, आणि कार्बनचा चिमुकला अणू त्यांच्या मधल्या फटीत शिरतो. या फटी तीन प्रकारच्या आहेत, कारण प्रत्येक फट चौकटीच्या तीन अक्षांपैकी एकाच अक्षावर अरुंद असते. ताण नसताना तिन्ही प्रकार सारखेच, म्हणून कार्बन तिन्हींत समसमान वाटलेला असतो. लोखंड एका अक्षावर किंचित ओढले, की त्या अक्षावरच्या फटी जरा मोकळ्या होतात आणि कार्बनचे अणू एकेक उडी मारून तिकडे वळू लागतात. ताण काढला की परततात.

सेकंदाला एक आवर्तन या गतीने हलणाऱ्या तारेत हे शिखर सुमारे ४० अंश सेल्सिअसला येते. तेथे शिथिलनकाल सेकंदाच्या साधारण सहाव्या हिश्शाइतका, म्हणजे आवर्तनकालाला दोन पायने भागल्यावर येतो तेवढा, असतो. शून्य अंशावर तोच काळ १५ सेकंदांच्या घरात जातो, आणि १०० अंशांवर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका होतो. अडथळा मोलमागे ८० किलोज्यूलच्या आसपास आहे. वारंवारता दहापट केली तर शिखर सुमारे २५ अंशांनी वर सरकते.

हे स्पष्टीकरण बरोबर आहे कशावरून? पडताळा असा: लोखंडाच्या एकसंध स्फटिकाला तिन्ही अक्षांशी समान कोन करणाऱ्या दिशेने ओढले, तर कोणत्याच फटीला झुकते माप मिळत नाही, आणि तसे ओढल्यावर शिखर खरोखरच जवळजवळ मावळते. दुसरे कोणतेही कारण असते, तर दिशा बदलल्याने ते असे नाहीसे झाले नसते.

व्यवहारात याचा उपयोग मोटारींच्या पत्र्यासाठी होतो. काही पत्रे मुद्दाम असे बनवतात, की साच्यात दाबताना ते मऊ असावेत आणि रंग पक्का करण्याच्या भट्टीत, साधारण १७० अंशांवर २० मिनिटांत, त्यांची ताकद वाढावी. हे काम मोकळा, म्हणजे फटींत विरघळलेला, कार्बन करतो. तो कमी पडला तर पत्रा कडक होत नाही. जास्त झाला तर पत्रा गोदामातच जुना होतो आणि दाबताना त्यावर वळ उमटतात. साधे रासायनिक पृथक्करण एकूण कार्बन सांगते, पण त्यातला मोकळा किती आणि कार्बाइडच्या कणांत अडकलेला किती, हे सांगत नाही. स्नुक शिखराची उंची मात्र फक्त मोकळ्या कार्बनच्या प्रमाणात वाढते.

शिशाची घंटा

शिशाची छोटी घंटा खोलीच्या तापमानाला वाजवली तर टण् असा नाद येत नाही. लाकडावर ठोकल्यासारखा ठप्प आवाज होतो आणि संपतो. तीच घंटा उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवावी, बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहावी, आणि बाहेर काढून लगेच ठोका द्यावा: स्वच्छ, लांबणारा नाद ऐकू येतो. मग ती जसजशी तापते, तसतसा प्रत्येक ठोका आखूड होत जातो आणि काही मिनिटांत पुन्हा ठप्प.

धातू तोच, आकार तोच, हवाही तीच. बदलली ती आतल्या दोषांची चपळाई. स्फटिकातल्या अणूंच्या रांगा सगळीकडे अचूक जुळत नाहीत; जिथे एखादी रांग अर्ध्यातच संपते, त्या रेषेला डिसलोकेशन म्हणतात. निरपेक्ष मापनात, म्हणजे उणे २७३ अंशांपासून मोजल्यास, खोलीचे तापमान शिशाच्या वितळणबिंदूच्या जवळजवळ निम्मे भरते, म्हणून त्याच्यातल्या डिसलोकेशन अगदी सहज पुढे-मागे सरकतात आणि कंपनाची ऊर्जा खाऊन टाकतात. थंडीत त्या जखडल्या जातात.

दोषांचे आणखी एक ठिकाण म्हणजे कणसीमा. साधा धातू असंख्य बारीक स्फटिककणांचा बनलेला असतो आणि दोन कणांमधली सीमा विस्कळीत असते. गे तिंगसुई (शोधनिबंधांत 'के') यांनी १९४७ साली अतिशुद्ध ॲल्युमिनियमच्या तारेला पीळ देऊन ती सोडली आणि कंपने विरताना मोजली. सेकंदाला सुमारे ०.८ आवर्तनांच्या वेगाला २८५ अंशांच्या आसपास मोठे शिखर आले. एकाच स्फटिकाच्या तारेत ते आलेच नाही. यावरून त्यांनी असे म्हटले, की गरम धातूतल्या कणसीमा दाट द्रवासारख्या घसरतात. १९७० च्या दशकापासून या निष्कर्षावर वाद आहे, कारण कणसीमेलगतच्या डिसलोकेशनही त्याच परिसरात शिखर देऊ शकतात. प्रयोगाचे आकडे अजून टिकून आहेत. अर्थ लावण्याबाबत मतभेद आहेत.

दोषच नसलेल्या धातूतही एक वाट उरते. पट्टी वाकवली की ताणलेली बाजू किंचित थंड होते आणि दाबलेली किंचित गरम. उष्णता एका बाजूकडून दुसरीकडे वाहते आणि तेवढी ऊर्जा वाया जाते. एक मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीत ही हानी सेकंदाला दीडशेच्या आसपास आवर्तनांना सर्वाधिक असते.

थोडीशी ऊर्जा गेली तर बिघडले कुठे?

लेथच्या बैठकीला तर ती गेलेलीच हवी. म्हणून तिथे बीड वापरतात. बिडातले ग्राफाइटचे पापुद्रे कंपने गिळतात आणि कापलेला पृष्ठभाग गुळगुळीत निघतो.

मोजमाप करणाऱ्या यंत्रांची गोष्ट मात्र निराळी आहे. भौतिकशास्त्राचा एक नियम असा, की ज्या वाटेने कंपनाची ऊर्जा उष्णतेत जाते, त्याच वाटेने उष्णता परत कंपनात येते. कॅलन आणि वेल्टन यांनी १९५१ साली त्याची सर्वसाधारण सिद्धता दिली. म्हणजे ज्या तारेत अंतर्गत घर्षण जास्त, ती कोणी न हलवताही सगळ्या वारंवारतांवर आपणहून थरथरते. गुरुत्वीय लहर आरशाला प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही कितीतरी कमी हलवते. पोलादी तारेची स्वतःची थरथर त्यापुढे फार मोठी ठरते. शुद्ध सिलिकाच्या काचतंतूत अंतर्गत घर्षण पोलादाच्या किमान हजारपट कमी असते, म्हणून पोलाद गेले आणि काच आली.

यावरून काच म्हणजे कमी घर्षण, असा निष्कर्ष काढू नये. हीच सिलिका खूप थंड केली तर तिचे घर्षण वाढते. त्यामुळे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या जपानमधल्या 'काग्रा' यंत्रात, जिथे आरसे निरपेक्ष २० अंशांच्या आसपास थंड करण्याची योजना आहे, आरसे आणि तंतू दोन्ही नीलम स्फटिकाचे आहेत.

धातूची काच म्हणजे काय?

काच म्हणजे पारदर्शक वस्तू, हा आपला रोजचा अर्थ इथे सोडावा लागेल. द्रवातली अणूंची अस्ताव्यस्त मांडणी तशीच ठेवून जो पदार्थ गोठतो, ती काच. धातूंना ही सवय नाही. ते थंड होताना झटकन स्फटिक बनवतात. १९६० साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत पोल डुवेझ आणि सहकाऱ्यांनी सोने-सिलिकॉनचा वितळलेला थेंब सेकंदाला दहा लाख अंश अशा वेगाने थंड केला, तेव्हा अणूंना रांगेत बसायला वेळच मिळाला नाही आणि पहिली धातुकाच तयार झाली. ती पातळ पापुद्र्याएवढीच होती. १९९३ साली झिर्कोनियम, टायटॅनियम, तांबे, निकेल आणि बेरिलियम यांचा एक मिश्रधातू निघाला. तो सेकंदाला एखादा अंश इतक्या संथपणे थंड केला तरी काचच राहतो, म्हणून त्याचे जाड तुकडे ओतता येतात.

आता अडचण अशी, की वर सांगितलेली एकही वाट या पदार्थात नीट लागू होत नाही. कण नाहीत, म्हणून कणसीमा नाहीत. रांगाच नाहीत, तर रांग अर्ध्यात संपणार कुठे? ठरावीक तीन प्रकारच्या फटीही नाहीत. स्फटिकाच्या डब्यात प्रत्येकाची जागा ठरलेली होती. इथे डब्यात बाकच नाहीत, नुसती गर्दी आहे. तरीही अंतर्गत घर्षण आहे, आणि ते दोन जागी दिसते.

पहिली जागा काच मऊ होण्याच्या तापमानाजवळ. वरच्या मिश्रधातूत ते सुमारे ३५० अंश आहे. तिथे अख्खीच्या अख्खी गर्दी एकमेकांना वाट देत जागा बदलते, घर्षण प्रचंड वाढते आणि पदार्थ घट्ट द्रवासारखा वागू लागतो. याला अल्फा शिथिलन म्हणतात. दुसरी जागा त्याच्या बरीच खाली असते. काच घट्टच असते, पण काही ठिकाणी गर्दी जरा सैल असते आणि तिथे अणूंचे लहान गट जागच्या जागी हालचाल करतात. हे बीटा शिथिलन. लँथॅनमच्या धातुकाचांत त्याचे वेगळे शिखर ठळक दिसते. झिर्कोनियमच्या काचांत ते अल्फाच्या चढावर एखाद्या उंचवट्यासारखे लपलेले असते.

ही शिखरे स्नुक शिखरापेक्षा खूप रुंद असतात. प्रत्येक सैल जागा वेगळी, म्हणून प्रत्येकीचा शिथिलनकाल वेगळा. अशा मिश्र काळांसाठी कोलराउश यांनी १८५४ साली विजेच्या साठवणीच्या संदर्भात वापरलेले सूत्र आजही वापरतात. आलेखाला ते छान बसते. पण सूत्र बसले म्हणजे कारण कळले, असे मानण्याची घाई या क्षेत्रात अनेकदा होते, आणि ती करू नये असे मला वाटते.

धातुकाचेवर गोळी इतका वेळ उसळते, मग घर्षण कुठे आहे?

धातुकाचेच्या चकतीवर पोलादी गोळी सोडली, की ती साध्या धातूवरच्या गोळीपेक्षा कितीतरी जास्त वेळ उड्या मारत राहते. हा प्रयोग पाहून अनेकांना वाटते, की या पदार्थात अंतर्गत घर्षण नसणार. मुख्य कारण वेगळे आहे. साध्या धातूवर गोळी आपटली की सूक्ष्म खड्डा पडतो, आणि तो पाडण्यात ऊर्जा कायमची खर्च होते. धातुकाच सुमारे दोन टक्के विरूपणापर्यंत कायमची वाकत नाही, जे स्फटिकी धातूंना सहसा जमत नाही. म्हणून खड्डा पडत नाही आणि ऊर्जा गोळीला परत मिळते. अंतर्गत घर्षण मोजताना विरूपण लाखात एक भाग इतके लहान ठेवतात, तिथे खड्ड्याचा प्रश्नच येत नाही.

तरीही या दोन गोष्टींत एक दुवा आहे. बीटा शिथिलनाचा अडथळा मोजला, तर तो अनेक धातुकाचांत वायुस्थिरांक आणि मऊ होण्याचे निरपेक्ष तापमान यांच्या गुणाकाराच्या साधारण २६ पट येतो. वरच्या झिर्कोनियम काचेसाठी हा आकडा मोलमागे १३५ किलोज्यूलच्या आसपास भरतो. आणि हीच काच जोर लावून कायमची वाकवताना अणूंचा एक लहान गट सरकायला जेवढी ऊर्जा लागते असा अंदाज आहे, तोही जवळपास तेवढाच आहे. त्यामुळे असे मानले जाते, की ज्या सैल जागा हलक्या कंपनात ऊर्जा खातात, त्याच जागांपासून जोराच्या ताणात काच वाकायला सुरुवात होते. ठळक बीटा शिखर असलेल्या काही लँथॅनम काचा ओढल्यावर तडकण्याऐवजी थोड्या लांबतात, हे या समजुतीला धरून आहे.

धातुकाच जुनी होते का?

होते, आणि त्यासाठी तिला वितळवावे लागत नाही. मऊ होण्याच्या तापमानाच्या खाली काही तास तापवून ठेवली, की गर्दीतल्या सैल जागा हळूहळू घट्ट होतात, घनता किंचित वाढते, बीटाचा उंचवटा खाली बसतो आणि अंतर्गत घर्षण कमी होते. कंपक किंवा संवेदक बनवणाऱ्याला हेच हवे असते. पण त्याचबरोबर बहुतेक काचा ठिसूळ होतात, म्हणून भार सोसणारा भाग बनवणारा माणूस हीच प्रक्रिया टाळतो.

उलट दिशेने जाण्याचीही एक युक्ती सापडली आहे. २०१५ साली असे दाखवण्यात आले, की धातुकाच खोलीचे तापमान आणि द्रव नायट्रोजन यांच्यात वारंवार आत-बाहेर केली, तर ती पुन्हा थोडी सैल होते आणि तिची वाकण्याची क्षमता वाढते. कारण काचेचे सगळे भाग सारखे आकुंचन-प्रसरण पावत नाहीत, आणि त्या असमानतेतून आत जे ताण तयार होतात ते घट्ट झालेल्या जागा पुन्हा मोकळ्या करतात. सगळ्या मिश्रधातूंवर याचा परिणाम सारखा होत नाही. म्हणून एखाद्या तुकड्याला किती फेऱ्या द्यायच्या हे ठरवताना त्याचे अंतर्गत घर्षण आधी आणि नंतर मोजतात, कारण तो तुकडा न मोडता त्यातल्या सैल जागांचा अंदाज देणाऱ्या पद्धती मोजक्याच आहेत.